जामचं पान, पवनारचं पान

काजल : आजी, माझ्या गादीखालची पळसाची पानं कुठं गेली?

धुरपता : आठ पत्रावळ्या शिवल्या त्याच्या. उद्या तानाबाईकडं सवासिनी जेवाच्या हायेत. मी म्हनलं, पोरगी शहाणी झाली, पानं दाबून वाळवून राह्यली.

काजल : अवं आजी, ते कॉलेजचं काम होतं! तीस पानं जाम गावची, तीस इथली पवनारची. शिरा मोजून उद्या वर्ध्याले सरांले दाखवाच्या होत्या.

धुरपता : शिरा मोजाले कॉलेज लागते? कुठंबी जा, पळसाले पानं तीनच.

काजल : पानं तीनच, पण शिरा सारख्या नाई. तेच दाखवाचं होतं. अन् गठ्ठ्यांवर गावाच्या चिठ्ठ्या होत्या, त्या?

धुरपता : चुलीत घातल्या.

काजल : मग झालं. आता कोणतं पान कुठचं, देवालेच ठाऊक.

धुरपता : देवाले काऊन तरास देऊन राह्यली? आन त्या पत्रावळ्या, काड्या उपसू. हं. हे जामचं. हे इथलं. हेबी इथलं. हे जाम.

काजल : मनानंच सांगून राह्यली तू.

धुरपता : पुरावा असन तं पाहून घे.

काजल : चार पानांचे फोटो हायेत फोनात, गावासकट. थांब. हे किडीनं खाल्लेलं?

धुरपता : जाम.

काजल : टोक दुमडलेलं?

धुरपता : इथलं, नदीकाठचं.

काजल : हे दोन?

धुरपता : दोन्ही जाम.

काजल : चारही बरोबर! कसं ओळखलं?

धुरपता : बोटाले समजते. जामच्या पानाच्या शिरा दाट, काडी अडते. माहेरी मायसंगं शिवताना बोटं सोलून निघत. इथलं पान नरम. पयल्या वर्षी सासू म्हणे, काऊन इतका जोर लावून राह्यली वं सूनबाई, पान फाटते.

काजल : चाळीस वर्षं झाली त्याले.

धुरपता : बेचाळीस. अजूनबी फाटते कधी कधी.

काजल : सरांले खरं सांगा लागन. चिठ्ठ्या जळाल्या, पानं आजीनं वेगळी केली.

धुरपता : सांग ना. अन् म्हनजो, भोकंबी तिनंच पाडली.

काजल : वहीत लिहून ठेवतो. पानं ओळखणाऱ्याचं नाव, धुरपताबाई. गाव, पवनार.

धुरपता : जाम लिही.