स्वस्तातली तार तुटेना

गटिंगवाला: ताई, जरा हळू बोला. बाहेर गिऱ्हाईक उभं आहे.

मुलगी: उभं राहू दे. बाबांच्या रॅकेटला स्वस्तातली तार भरा, असं मी तुम्हाला सांगितलं होतं की नाही?

गटिंगवाला: सांगितलं होतं.

मुलगी: आठवड्यात तुटेल, असं तुम्हीच म्हणाला होतात.

गटिंगवाला: आठवडा, फार तर दहा दिवस. काकांचा हात जड आहे.

मुलगी: दीड महिना झाला. ही बघा. एक धागा सुटलेला नाही. दुकानातून नेली तेव्हा एवढी चकाकत नव्हती. तुम्ही गुपचूप महागडी भरून मला फसवलंत.

गटिंगवाला: ताई, एवढी वर्षं रॅकेटी विणतोय, नाही नाही ते आळ आले माझ्यावर. पण स्वस्त सांगून महाग माल दिला, असं अजून कोणी म्हटलं नव्हतं.

मुलगी: मग ही तुटत का नाही?

गटिंगवाला: मलाही तेच कोडं पडलंय. द्या इकडे, दिव्याखाली बघू.

मुलगी: बघा. आणि काय ते खरं सांगा. घरी मी रोज सकाळी दार उघडं ठेवून बसते. आज तरी म्हणतील, 'तुटली बाई एकदाची.' तर येतात, रॅकेट पुसतात, समोर ठेवलेलं खातात आणि पेपर वाचतात.

गटिंगवाला: पण त्यांचा शब्द पक्का आहे ना? तार तुटली की खेळ बंद?

मुलगी: बाबांचा शब्द म्हणजे शिक्का मारलेलं वजन. छातीत कळ आली, दवाखान्यात चार रात्री काढल्या. डॉक्टर म्हणाले, टेनिस सोडा. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले होते. मग उठून म्हणाले, एक शेवटचं गटिंग करून घेतो, नवी तार भरतो, ती तुटली की रॅकेट खाली. मी म्हटलं, चालेल.

गटिंगवाला: आणि तडक माझ्याकडे आले. दुकानातली सगळ्यात महागडी तार मागितली. जनावराच्या आतड्याचीच हवी, आणि सगळ्यात जास्त टिकणारी.

मुलगी: त्यांची पाठ वळल्यावर मी आले.

गटिंगवाला: सगळ्यात लवकर तुटणारी मागितलीत. त्याच रॅकेटला. मी नाही म्हणत होतो. तुम्ही म्हणालात, माणूस कोर्टावर पडला तर पाप तुमच्या तारेच्या माथी. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मुलगी: तार बघताय ना?

गटिंगवाला: बघतोय. माझीच आहे. स्वस्तातलीच. ही बघा, इथे जाड, इथे बारीक. गाठीपाशी पिवळी पडलीय. महागडी या टोकापासून त्या टोकापर्यंत एका जाडीची असते.

मुलगी: मला दोन्ही शेजारी ठेवून दाखवा. महागडी आहे का दुकानात?

गटिंगवाला: तुमच्या वडिलांचीच आहे. पैसे त्यांनी दिले, तार लागली दुसरी. दुसऱ्या कोणाच्या रॅकेटला लावायचं म्हटलं की हात आखडतो. त्या खणात पडून आहे. थांबा. ही घ्या, वेटोळं सोडू नका.

मुलगी: मला तर दोन्ही सारख्याच दिसतात.

गटिंगवाला: लागतातही सारख्याच, पहिल्या दिवशी. दोन्ही आतड्याच्याच. महागडीला लांब लांब धागे निवडून पीळ देतात, वर लेप चांगला जाड चढवतात, म्हणून दमट हवेत ती फुगत नाही. स्वस्तातलीचे धागे आखूड, लेप नावाला. चार दिवस बडवली की जुन्या टूथब्रशसारखी पिंजारते. पण पहिल्या दिवशी चेंडू दोघींवरून तसाच सुटतो. जास्तीचे पैसे पुढच्या दिवसांचे असतात.

मुलगी: हे सगळं मी रोज बोलते.

गटिंगवाला: तुम्ही? टेनिसबद्दल?

मुलगी: दातांबद्दल. मी दातांची डॉक्टर आहे. पेशंटला सांगते, स्वस्तातलं भरलंत तरी आज जेवता येईल, महागातलं भरलंत तर पुढेही जेवाल.

गटिंगवाला: मग लोक काय करतात?

मुलगी: स्वस्तातलं भरून घेतात आणि त्या बाजूने चावत नाहीत. वर्षानुवर्षं टिकवतात.

गटिंगवाला: हं.

मुलगी: हं काय?

गटिंगवाला: ताई, जरा इथे बोट फिरवा. उभी तार आडवीवरून जाते तिथे. काय लागतंय?

मुलगी: काही नाही. गुळगुळीत आहे.

गटिंगवाला: दोन दिवस जरी खेळलं तरी तिथे खाच पडते. चेंडूची पिवळी लव अडकते. इथे लव नाही, खाच नाही. मेण आहे मात्र. कोणीतरी रोज प्रेमाने मेण लावतंय.

मुलगी: रोज सकाळी जातात हो ते. पांढरे बूट, गुडघ्याला पट्टी, काखेत रॅकेट. येतात तेव्हा शर्ट भिजलेला असतो.

गटिंगवाला: घामाने?

मुलगी: शर्ट मीच मशीनला लावते.

गटिंगवाला: मग घामाचा वास तर येत असेल.

मुलगी: नाही येत. मला वाटलं, वय झालं की कमी होत असेल.

(दार ढकलून वडील आत येतात. पांढरे बूट, गुडघ्याला पट्टी, शर्ट छातीपर्यंत ओला.)

वडील: रॅकेट जागेवर नाही आणि कव्हर खुंटीला आहे. चोर कव्हरसकट नेतो. तेव्हा म्हटलं, मुलगीच असणार.

गटिंगवाला: या काका. बसा ना. पाणी देऊ?

वडील: नको. तू घामाघूम झालायस, तूच पी.

मुलगी: बाबा, रॅकेट सकाळपासून माझ्याकडे आहे.

वडील: दिसतंय.

मुलगी: मग शर्ट कसा भिजला?

वडील: चालून आलो.

मुलगी: केस कोरडे आहेत तुमचे. पाठही कोरडी आहे. फक्त पुढून भिजलाय.

वडील: कोर्टाच्या बाहेर नळ आहे. येताना सवयीने थांबलो. आज रॅकेटच नाही, तर शर्ट भिजवायची गरज नाही, हे भिजवल्यावर लक्षात आलं.

मुलगी: रोज थांबता?

वडील: रोज.

गटिंगवाला: काका, मला काहीतरी सांगायचंय. म्हणजे ताईंनी सांगितलं म्हणून मी... तुमच्या रॅकेटला जी तार लागली ती...

वडील: स्वस्तातली आहे. ठाऊक आहे.

गटिंगवाला: कधीपासून?

वडील: तुझ्या दुकानाची पायरी उतरलो तेव्हापासून. अरे, मी वजनमापाचा इन्स्पेक्टर होतो. पाव चमचा कमी भरला म्हणून तेलाच्या गिरण्यांना टाळं लावलंय मी. क्लबात लोक मला काटासाहेब म्हणतात. आणि तू मला बारीक-जाड तार देतोस.

गटिंगवाला: म्हणूनच दीड महिना रोज देवाचं नाव घेऊन शटर वर करतोय. तुम्ही का नाही आलात? शिव्या द्यायच्या, नवी भरून घ्यायची.

वडील: नवी भरायची तर आधी ही कापावी लागते. बरोबर?

गटिंगवाला: बरोबर. एकदा ताणून बसवलेली तार काढून परत लावता येत नाही.

वडील: ही गेली की माझा शब्द पुरा झाला. रॅकेट खाली. म्हणजे तक्रार करायला यायचं तर टेनिस संपवून यायचं. मग माझ्या हातात काय उरलं?

मुलगी: काय?

वडील: न खेळणं.

मुलगी: टेनिस बंद पडू नये म्हणून तुम्ही टेनिस बंद केलंत?

वडील: बंद नाही केलं. शिल्लक ठेवलं.

मुलगी: आणि सकाळचे दोन तास जाता कुठे?

वडील: कोर्टावरच. बाकावर बसतो, दुसऱ्यांचे गुण मोजतो. कोणी विचारलं, 'काटासाहेब, आज नाही का?' तर म्हणतो, उद्या. माझ्यासमोर खेळायचा तो वकील आता विचारत नाही. त्याने दुसरा जोडीदार पकडला. तो नवा मूर्ख आहे, सर्व्हिस जाळीत घालतो.

गटिंगवाला: तो नवा काल आला होता इथे. नायलॉन भरून गेला.

वडील: तरीच.

मुलगी: मला बोलला का नाहीत?

वडील: काय बोलणार? तू गुपचूप स्वस्तातली घातलीस, हे मला कळलंय, असं? मग तू म्हणणार, तुमच्यासाठीच केलं. मग मी गप्प बसणार. तेवढंच करायचं तर आधीपासून गप्प बसलो.

मुलगी: म्हणजे मला हवं होतं तेच झालं.

वडील: अगदी तंतोतंत. तोलून घे हवं तर.

मुलगी: परवा तुमच्या डॉक्टरांचा फोन आला होता.

वडील: कशाला?

मुलगी: वजन वाढलंय, साखर वाढलीय. विचारत होते, हे दिवसभर बसून असतात का. मी म्हटलं, छे, रोज खेळतात, मीच थांबवते आहे. ते म्हणाले, थांबवू नका. जोरात नको, पळापळ नको, पण हलकं हलकं खेळू द्या. आता चालेल.

वडील: परवा?

मुलगी: हो.

वडील: मला आज कळतंय.

मुलगी: तुम्ही जोरातच खेळताय असं वाटत होतं. शिवाय सांगितलं असतं तर दर जेवणाला हेच काढलं असतंत. 'बघ, डॉक्टर काय म्हणाले. बघ, कोणाचं चुकलं.'

वडील: काढलं असतं.

मुलगी: भाजी वाढतानासुद्धा.

वडील: विशेषतः तेव्हा.

गटिंगवाला: मग सगळं गोडच झालं की. काका, ती महागडी तुमचीच आहे. आत्ता ही कापतो, तासाभरात ती भरतो. मजुरी नको.

वडील: हात लावू नकोस.

मुलगी: बाबा, मी सोडलं तुम्हाला शब्दातून. चुकलं माझं. बास? म्हटलं एकदाचं.

वडील: शब्द मी दिलाय, तर सोडायचाही मीच. आणि मी सोडत नाही. आयुष्यभर लोकांना मापात ठेवलं, आता स्वतःसाठी काटा वाकवू? ही तार तुटेपर्यंत, म्हणजे ही तार तुटेपर्यंत.

मुलगी: अहो, पण ती स्वस्तातली आहे.

वडील: तूच निवडलीस.

गटिंगवाला: मग काका, हिच्यावरच खेळा की. तुटेल तेव्हा तुटेल.

वडील: माझा हात आणि वकिलाचा फटका. किती टिकेल, सांग तूच.

गटिंगवाला: खोटं नाही बोलणार. आठवडा.

वडील: आठवड्यासाठी नाही बाहेर काढत मी रॅकेट. राहू दे कव्हरमध्ये. चल, तुझा दवाखाना उघडायची वेळ झाली.

मुलगी: थांबा हो. समोरचा हलका मारत असेल तर?

गटिंगवाला: तर जास्त टिकेल. तार मरते ती समोरच्याच्या जोराने. किती टिकेल, ते समोर कोण आहे त्यावर.

मुलगी: मी.

वडील: तुला खेळता येत नाही.

मुलगी: माहीत आहे मला. सकाळी दवाखान्याआधी अर्धा तास मिळतो. त्या भिंतीवरच्या रॅकेटपैकी कुठलीही द्या.

गटिंगवाला: ताई, अगदीच येत नाही का?

वडील: लहानपणी नेलं होतं हिला शिकवायला. चेंडू आला की बाजूला व्हायची. वाट द्यायची त्याला.

मुलगी: अंगावर यायचा तो.

वडील: दहा फटक्यांतला एखादा परत यायचा. तोही टप्पे खात खात.

गटिंगवाला: मग काळजीच नको. तसं असेल तर स्वस्तातलीसुद्धा वर्षानुवर्षं जाईल.