अल्लीपूरच्या दुकानदाराच्या रेघा

हसू नका, पण माझ्या पीएचडीनंतरच्या संशोधनाची खरी तपासणी अल्लीपूरच्या एका किराणा दुकानदारानं केली. त्याच्या सात वर्षांच्या मुलीला ऑटिझम होता. पडद्यावर चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे, ती ते पाहते का आणि तेव्हा तिच्या मेंदूत काय होतं ते टिपायचं, एवढंच माझं काम. पण त्यासाठी मुलीच्या डोक्यावर घालायची तारांची टोपी पाहताच तो दचकला.

"मॅडम, पोरीच्या डोक्यातलं काही निघून तं नाई जाणार? पहिले तुम्ही घाला."

घातली. मला काही झालं नाही, तरी त्याचा संशय जाईना. मुलीला टोपी घालून मी समोरच्या पडद्यावर फोटो सुरू केले आणि नोंदी पाहायला लॅपटॉप उघडला, तर हा पेन्सिल घेऊन माझ्या शेजारीच बसला. मधूनच दुकानाच्या वहीत एक रेघ मारायचा. मी विचारलं, "काय लिहिताय?"

"तुम्ही तुमचं करा."

आता मलाच संशय. तक्रार करणार बहुतेक हा माणूस!

तासाभरानं मी लॅपटॉप मिटला आणि तपासणीच्या कागदावर लिहिलं, 'चेहऱ्याकडे पाहत नाही.' त्यालाही तेच सांगितलं.

त्यानं वही माझ्यापुढे सरकवली. एका बाजूला अकरा रेघा, दुसरी बाजू कोरी.

"फोटो नसन पाह्यले तिनं. पण तुमच्या तोंडाकडे अकरा वेळा पाह्यलं. तुम्ही तिच्याकडे एकदाबी नाई. आता सांगा मॅडम, हा कागद तुम्ही कोनाच्या नावानं भरून राह्यल्या?"