चावणारे बूट

—नाही नाही, उठू नका, पुष्कळ जागा आहे. मी काही एवढी ऐसपैस नाही. बाकावर सावली दिसली आणि पाय आपोआप वळले बघा. काय म्हणालात? हं. मला तुमचं ओ का ठो कळत नाही, तुम्हाला माझं कळत नाही, म्हणजे फिटंफाट झाली. मान हलवताय ना, तेवढं पुरे, बाई. घरी तेवढीही कुणी हलवत नाही.

आत्ता त्या मनोऱ्याच्या दारातून आत गेले ना, ते माझा मुलगा आणि सून. मुलाच्या हातात फोन, फोनमध्ये नकाशा, आणि नकाशामागे आम्ही दोघी — सकाळपासून ही वरात चाललीय, ऊन तर असं की डोक्यावर कुणी तापलेला तवा ठेवावा! आधी राजवाडा पाहिला, त्यात राजा नाही. मग पूल. जुना आहे म्हणे — मीही जुनी आहे, मला बघायला कोण येतं? मग कुणा कवीचं घर. कवी मेलेला, दाराला कुलूप, आणि आम्ही तिघं उन्हात उभे राहून कुलूप बघतोय! मुलगा म्हणतो, आई, मजा येतेय ना? म्हटलं, येतेय बाबा. आणि खरं सांगू का, येतही होती. सून मात्र खांद्याला भलंमोठं गाठोडं लावून फिरतेय. म्हटलं, अगं, बिऱ्हाड हलवतेस की काय? तर नुसती हसली. ती हसतेच. भांडायला तोंड उघडावं तर ही हसते — असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं, तुम्हीच सांगा.

मी का नाही गेले वर? मला नाही आवडत उंचावर. चक्कर येते. — पायांकडे काय बघताय? — बरं, बघा. तुम्ही कुणाला सांगणार आहात! नाही येत मला चक्कर. बूट चावतात मेले. काढले तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आता ऐका. मी शिवणकाम करायचे. कुणी शिकवलं नाही — एक जुना सदरा उसवला, परत शिवला, परत उसवला, असं करत करत हात बसला. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याची छाती, खांदा, बाही, सगळं नजरेत मोजून व्हायचं. टेप गळ्यात असायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. आणि ही सून फोनवर म्हणते, "आई, पायाचं माप एकदा पट्टीनं घ्या हं." मला! माप घ्यायला मला शिकवते! म्हटलं, लिहून घे, आणि दिलं सांगून. ते माप कधीचं? — लग्नातल्या चपलांचं. जगाची मापं घेतली हो, स्वतःचं घ्यायला वेळ कुणाला होता? बूट आले. सून विचारते, "बसले का?" म्हटलं, अगदी मापात. मग मुलगा म्हणाला, आता चपला नकोत आई, दिवसभर चालायचंय. राहिल्या माझ्या चपला खोलीवर, कॉटखाली.

हसताय? हसा. पण हा मनोरा बघा. माझ्या मशीनवर याचं चित्र होतं. कापडाच्या ताग्यावर सोनेरी चिठ्ठी यायची ना, तिच्यावर. हाच की दुसरा कुठला, देव जाणे, पण मनोराच. मी चिकटवून ठेवला होता. सुईत दोरा ओवताना बघायचा आणि म्हणायचं, वरून काय दिसत असेल गं? समोर तर भिंत! एवढ्यासाठी आले मी इथवर. पाचाला दार बंद, उद्या पहाटे आमचं विमान — आणि मी बसलेय इथे, चक्कर येते म्हणून. आता कोणत्या तोंडाने सांगू सुनेला?

अगंबाई! तीच आली. एकटी कशी? बाई, तुमची ती पिशवी जरा इकडे सरकवा, पाय झाकू दे — बूट चढेनात आता —

काही नाही गं, जरा वारा लागू देत होते. बूट ना? छान आहेत. तू का उतरलीस? तो कुठाय? ... वर थांबलाय? माझ्यासाठी? अगं, पण मला चक्कर — हे काय काढतेस? कागदात काय आहे?

...

माझ्या चपला.

सकाळपासून हेच वाहत होतीस? आणि मी आपली बिऱ्हाड, बिऱ्हाड म्हणून — कळलं कधी तुला? खोलीच्या दारातच? मग बोलली का नाहीस? ... हं. बोलली असतीस तर घातल्या नसत्या मी, ते खरंच.

बरं, मोजायला हवं होतं मी. झालं समाधान? हसू नकोस. त्याला सांगू नकोस. हात दे इकडे. चल, दार लावतील ते.

बाई, हे बूट तेवढे बघा हं, आलेच मी. आणि घालून बघू नका — तुमचा पाय मोठा आहे. मला नजरेनं कळतं.