विनिफ्रेडचा शब्द

स्टॉकपोर्टच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघी म्हाताऱ्या मैत्रिणी बसल्या होत्या.

"काल क्लबात स्क्रॅबल खेळताना त्या विनिफ्रेडबाईंनी चक्क खोटा शब्द लावला, डोरीन."

"मग तुझ्या नवऱ्यानं पकडला असेल की. ओ-यू-जी-एच असलेले झाडून सगळे शब्द त्याला तोंडपाठ आहेत."

"त्यातलाच होता. हा गालात हसला आणि तिचे गुण मांडून मोकळा झाला."

"नजरचूक झाली असेल गं."

"नजरचूक? घरी मी साधा 'रफ' लावला तरी डिक्शनरी उघडतो."

"वय झालं आता त्याचं."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून घरी आल्यावर मी मुद्दाम तोच शब्द लावला."

"मग?"

"डिक्शनरी न उघडताच म्हणाला, 'ग्लेनिस, असा शब्दच नाही.'"