पाहुण्यांसाठी साफ केलेली माकुळं

आदरणीय अध्यक्ष श्री. हेरंबराव कर्णिक, प्राचार्यसाहेब, आजचे सत्कारमूर्ती प्राध्यापक शरच्चंद्र केळशीकर, त्यांच्या शेजारी बसलेल्या मीनाक्षीवहिनी, आणि समोर जमलेल्या सर्व लहानथोर मंडळींनो,

अध्यक्षमहाराज, बोलणाऱ्यांची यादी तुमच्याकडे आली तेव्हा माझ्या नावावर बोट ठेवून तुम्ही विचारलंत म्हणे, "या जाईबाई कोण?" चार वर्षांत विसरलात? तुमच्या पांढऱ्या सदऱ्यावर समुद्रातल्या ज्या दहा पायांच्या लिबलिबीत माकुळानं शाई उडवली, ते माकूळ हंड्यातून आणणारी माहीमची कोळीण ती मीच. डाग गेला का हो?

मला अक्षर येत नाही. हे सगळं मी सांगितलं आणि माझी नात लतिका हिनं लिहून घेतलं, वाचतेयही तीच. माझा आवाज बाजाराचा. या कर्ण्यापुढे उभी राहिले तर दादरपर्यंत पापलेटाचा भाव कळेल. पण मी पहिल्या रांगेत बसले आहे. लतिके, एक ओळ जरी गाळलीस तरी मला कळेल.

प्रोफेसर म्हणायला हवं, पण माझ्या जिभेवर 'मास्तर'च बसलंय. मास्तर सात वर्षांपूर्वी माझ्या टोपलीपुढे येऊन उभे राहिले. कपाळावर गंध, नाकाला रुमाल. म्हणाले, "माकुळं हवीत. जिवंत." मी म्हटलं, "भटजी, शिजवणार कोण?" तर म्हणाले, "शिजवायची नाहीत, त्यांच्या नसा बघायच्या आहेत." मी शेजारी बसणाऱ्या चंपा कोळणीला म्हटलं, बाय, उन्हानं डोकं फिरलंय बिचाऱ्याचं.

मग एकदा त्यांनी मला कॉलेजातल्या त्या जिन्याखालच्या खोलीत नेऊन दाखवलं. आपली नस केसाहून बारीक; माकुळाच्या अंगात मात्र शिवणाच्या दोऱ्याएवढी जाड नस असते. आणि गंमत अशी, की एक नस दुसरीला चिकटलेली नसतेच. मध्ये इवलीशी फट. अंगातला सांगावा ती फट ओलांडून पलीकडे जातो. कसा जातो? हेच शोधण्यात मास्तरांचे केस गेले. एका माकुळाला चिरायला त्यांना दोन तास लागायचे! आमच्या माहीमला एवढा वेळ लावणारी सून असती तर पोरं उपाशीच झोपली असती.

आता ऐका छप्पन सालचं. त्या खोलीत टंकलेखनाचा वर्ग भरवायचं घाटत होतं. खोलीत खरंच काही काम चालतं का, हे बघायला तिघांची समिती येणार होती, त्यात अध्यक्षमहाराज, तुम्हीही होतात. काम दिसलं नाही तर खोली गेली, आणि खोलीबरोबर मास्तरांची सगळी वर्षं गेली. पण हे मास्तरांनी मला सांगितलंच नाही. ते एवढंच म्हणाले, "जाईबाई, उद्या मोठे पाहुणे यायचेत. माकुळं एकदम चांगली आणा."

मंडळी, कोळणीला 'मोठे पाहुणे' म्हटल्यावर ती काय करील, सांगा बरं? पहाटे उठून मी एकूण एक माकूळ साफ केलं. कातडं सोललं, डोकं काढलं, आतलं सगळं ओरबाडून फेकलं, तीन पाण्यांनी धुतलं. म्हटलं, आपल्या माणसाला पाहुण्यांदेखत चिरत बसायला लागू नये. त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्राचा हरताळ. ट्राम नाही, बस नाही. शब्द दिला होता म्हणून माहीमहून परळपर्यंत चालत आले. लतिका तेव्हा चौदा वर्षांची, तीही बरोबर.

मास्तरांनी पाहुण्यांसमोर माझा पितळी डबा उघडला. आत माकुळं जाईच्या फुलासारखी पांढरीशुभ्र! नस औषधालाही नाही. आणि अध्यक्षमहाराज, तुम्ही म्हणालात, "वा! हे तर तळायलाच तयार आहे."

सगळे हसले. मास्तरांचा चेहरा मात्र पिठासारखा झाला. तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. आता ओरडतील, म्हणून मी पदर तोंडाला लावला. तर ते म्हणाले, "जाईबाईंनी पाहुण्यांचा मान राखला. चूक माझी, मी पुरतं सांगितलं नाही. दोन तास द्याल?"

होड्या आदल्या दिवसापासून समुद्रात होत्या. त्यांना हरताळ कोण सांगणार? भरतीबरोबर परत यायच्याच होत्या. माधव नावाच्या विद्यार्थ्यानं सायकल काढली, मी मागे बसले. हो, या वयात, नऊवारीत! हसा खुशाल. येताना मांडीवर समुद्राच्या पाण्याचा हंडा, त्यात तीन माकुळं. दादरला पोरांनी अडवलं. "ए आजी, हरताळ आहे! धंदा बंद!"

मी म्हटलं, "मेल्या, हा धंदा नाय, ही शाळा हाय! ही विकायची नाहीत, शिकवायची आहेत."

त्यांनी हंड्यात डोकावून बघितलं आणि दोघं पुढे धावत निघाले, "वाट सोडा, आजीला कॉलेजात जायचंय!" त्या वर्षात लालबाग-परळच्या कितीतरी घरांतली तरणी पोरं पोलिसांच्या गोळीबारात गेली. त्या दोघांची नावं मी विचारली नाहीत, याची मला अजून रुखरुख आहे.

इकडे मास्तरांनी काय केलं, ते लतिकानं डोळ्यांनी बघितलं. त्यांनी विद्यार्थ्यांना रांगेत उभं केलं, दोघांमध्ये हातभर अंतर ठेवून. प्रत्येकाच्या मुठीत एक शेंगदाणा. मागच्यानं टाकलेला दाणा झेलायचा, मगच आपला पुढच्याकडे टाकायचा. ही नस, ही फट, हा सांगावा. समितीलाही रांगेत घेतलं. आणि अध्यक्षमहाराज, दाणा पडला तो नेमका तुमच्या हातून! सगळी रांग तिथेच खोळंबली. दुसऱ्या खेपेला तुम्ही झेललात. शेवटचा दाणा लतिकाकडे आला, तिनं तो खाऊन टाकला. मास्तर म्हणाले, "शाबास! सांगावा पोचला की अंगी लागला पाहिजे."

मी पोचले तेव्हा हंड्यातल्या तीन माकुळांपैकी एकच जिवंत होतं. त्यानं आधी तुमच्यावर शाई उडवली. मग मास्तरांनी नस मोकळी केली, विजेची सुई टेकवली, आणि फटीपलीकडचं मांस टुणकन उडालं. तुम्हीही उडालात. खोली राहिली.

आज लतिका याच कॉलेजात शास्त्र शिकते, त्याच खोलीत. पण मास्तर निवृत्त होऊन निघाले म्हणून ती खोली पुन्हा टंकलेखनाला द्यायचा कागद तुमच्या सहीसाठी आलाय, असं कानावर आहे. अध्यक्षमहाराज, मास्तरांनी त्यांचा दाणा टाकला. आता तो तुमच्या दिशेनं येतोय.

माझ्या अडाणी तोंडून कुणाला खवले टोचले असतील तर पदरात घ्या. आम्हाला खुर्चीत बसवून ऐकून घेतलंत, उपकार मानते. मास्तर, वहिनी, सुखी राहा. या सात वर्षांत माझा डबा तुमच्या घरून एकदाही रिकामा आला नाही, हे मी विसरणार नाही.

तोच डबा आज हारांशेजारी ठेवलाय. अध्यक्षमहाराज, तो तुमच्यासाठी. आत माकुळांचं सुकं आहे, साफ केलेल्या. येत्या एक तारखेला आपला महाराष्ट्र होतोय, घरोघरी पुरण शिजेल. खोली राहिली तर डब्यात दोन पुरणपोळ्या घालून पाठवा. नाही राहिली तर रिकामा पाठवा. फक्त तुमच्या घरात रिकामा डबा परत पाठवायची रीत आहे का, ते आधी विचारून घ्या.

आणि तूप वेगळ्या वाटीत द्या. आधीच ओतलं तर माहीमला येईपर्यंत पोळीचा लगदा होतो.