सदतिसाव्या प्रश्नाची वंशावळ

(लातूर, २०१८. फिजिक्सच्या एका कोचिंग क्लासचं ऑफिस. दुपारचे तीन.)

अंबिका : काढलं म्हणजे? सर, भार्गवी मॅडमना तुम्ही खरंच काढून टाकलं?

सर : सकाळीच. हॉलमधे, समद्या पालकांसमोर. नाव घेऊन सांगितलं, सदतीस नंबरच्या प्रश्नाचं उत्तर ह्यांनी चुकवलं, उद्यापासून ह्या क्लासला नसतील. नऊशे पोरांचे चार-चार मार्क गेलेत, अंबिका. पालक काय मला हार घालायला आले होते का?

अंबिका : पण चूक त्यांचीच, हे ठरवलं कशावरून?

सर : आता ग! तुझ्याच कागदावरून की. क्लासचा कॉम्प्युटर तू सांभाळतेस; पेपरात आन् उत्तरांत कुणी काय बदललं त्याचा कागद काल तूच छापून दिलास ना? चांदण्या आन् काठ्या.

अंबिका : आलेख म्हणतात त्याला.

सर : आलेख मी पंचवीस वर्षं शिकवून राहिलो. आलेखाला अक्ष असतो, अक्षाला एकक असतं. एकक लिहिलं न्हाई म्हणून तुला अकरावीत वर्गाबाहेर उभं केलं होतं, इसरलीस वाटतं.

अंबिका : विसरते कशाला. अजून स्वप्नात एकक लिहिते मी. सर, तो कागद कुठंय?

सर : हा काय, काचेखाली. जपून ठेवलाय.

अंबिका : मला वाचून दाखवा.

सर : तूच काढलास आन् मी वाचून दाखवू?

अंबिका : दाखवा की. तुम्ही कसा वाचलात ते ऐकायचंय मला.

सर : बरं बाई. एक चांदणी म्हणजे एकानं एकदा केलेला बदल, बरोबर? पुढं ज्यानं केला त्याचं नाव. काठी म्हणजे एका बदलातून दुसरा कसा आला ते. आता बघ.

```
*     सिद्धराम
|\
| *   भार्गवी
* |   सिद्धराम
|/
*     भार्गवी
```

अंबिका : हं. पुढं?

सर : वर पहिली चांदणी सिद्धराम, म्हणजे मी. पेपर मी सुरू केला. तिथून दोन फाटे फुटले. एका फाट्यावर मी सदतीस नंबर दुरुस्त केला, दुसऱ्यावर तिनं हात घातला. खाली दोन्ही फाटे एकत्र आले, आन् त्या जागी नाव कुणाचं? भार्गवी! म्हणजे जोडताना माझी दुरुस्ती तिनं फेकली आन् आपलं घुसडलं. शेवटचा हात तिचा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

अंबिका : अगं बाई.

सर : काय झालं?

अंबिका : सर, तुम्ही वरून खाली वाचलंत.

सर : मग काय खालून वर वाचू? उर्दू बी उजवीकडून वाचतेत, खालून कुणी वाचत न्हाई.

अंबिका : हे खालूनच वाचायचं असतं.

सर : अंबिका, असल्या काठ्या मला शिकवू नकोस. भूकंप झाला तवा तू जन्मली बी नव्हतीस. मी किल्लारीकडं शाळेवर होतो, नवा मास्तर. गावं नव्यानं बसवायची, घरं कुणाच्या नावावर द्यायची ते ठरवायचं, तर म्हनले वंशावळ आणा. लोकांचे कागद मातीत गेलेले. मी टिनाच्या शेडात बसून तीनशे वंशावळी लिहिल्यात. वर मूळ पुरुष, खाली त्याचे ल्योक, त्याच्याखाली नातू. कितीतरी नातवांच्या नावापुढं 'मयत' लिहिलंय ह्या हातानं, आन् आजा समोर बसून नावं सांगून राहिलेला. सरजाबाई म्हणून एक होती, सासर-माहेरचं कुणी उरलं न्हाई तिचं. तिची वंशावळ लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं माझ्या. रेघ इकडची तिकडं झाली तर माणसाचं घर जातंय. माझी एक रेघ चुकली न्हाई.

अंबिका : नसेलच चुकली. वंशावळ तुम्ही बरोबरच वाचली, सर. पण ही वंशावळ नाही. ह्यात मूळ पुरुष तळाला असतो.

सर : तळाला?

अंबिका : परीक्षा संपली की तुम्ही पेपर गोळा करता. पहिल्या पोरानं दिलेला पेपर गठ्ठ्यात कुठं असतो?

सर : सगळ्यात खाली. त्याच्यावर दुसरा, मग...

अंबिका : आणि सगळ्यात शेवटी दिलेला?

सर : वर.

अंबिका : हे तसंच. नवा बदल वर येऊन बसतो. कॉम्प्युटरवाल्यांना आधी ताजं बघायचं असतं म्हणून.

सर : मग कागदावर लिहायचं की तसं! तारीख तरी टाकायची. बिनतारखेचा कागद तलाठी बी घेत न्हाई.

अंबिका : ती माझी चूक. कबूल करते. मोबाईलवर रंगीत दाखवलं तर तुम्हाला कागद पाहिजे होता, म्हणून नुसत्या चांदण्या-रेघांत टाइप केलं. तारखा मराठीत घातल्या तर काना-मात्रेनं ओळ पुढं सरकायची आणि सगळ्या काठ्या वाकड्या. एक तास झगडले आणि शेवटी तारखाच काढून टाकल्या. कागद देखणा झाला, आणि इकडं एक बाई घरी गेली.

सर : थांब. खालून वाचू दे मला.

अंबिका : वाचा.

सर : खाली भार्गवी. म्हणजे पेपर तिनं सुरू केला.

अंबिका : हाव.

सर : मग दोन फाटे. एकीकडं मी, एकीकडं ती. दोघांनी सदतीसलाच हात लावला. आन् वर... वर जोडलंय ते मी.

अंबिका : तुम्ही. गुरुवारी सकाळी, ह्याच खुर्चीवर. तेव्हा स्क्रीनवर विचारलं असणार, की दोघांनी एकच ओळ बदललीय, कुणाची ठेवू?

सर : इचारलं होतं कायतरी. मी म्हनलं, माझीच ठेव, त्यात इचारायचं काय.

अंबिका : प्रश्न आठवतो का?

सर : आठवतो म्हणजे? उंचावरून दगड सोडला, तीन सेकंदात किती मीटर खाली आला. चव्वेचाळीस पूर्णांक एक. झोपेतून उठवलं तरी सांगीन.

अंबिका : g किती धरून?

सर : नऊ पूर्णांक आठ. दुसरं काय धरणार?

अंबिका : पेपरच्या पहिल्या पानावर काय लिहिलंय ते वाचा. डोक्यावर, चौकटीत.

सर : 'g ची किंमत दहा धरावी.' हे कुणी लिहिलं?

अंबिका : तुम्हीच. दर पेपरला असतं. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून.

सर : दहा धरला तर पंचेचाळीस. पर्याय क.

अंबिका : भार्गवी मॅडमनी तेच केलं होतं. त्यांनी क लिहिला, तुम्ही ब करून ठेवला.

सर : दुरुस्त केलेलं मी परत बिघडवलं.

अंबिका : आणि चोर सोडून संन्याशाला सुळी दिली. रागावू नका, सर, पण झालंय तसंच.

सर : रागावू कुणावर? तुझ्यावर? पंचवीस वर्षं पोरांना सांगितलं, आधी प्रश्न वाचा, मग उत्तर लिहा. आन् मी सोता पहिलं पान वाचलं न्हाई. लाज वाटून राहिली मला, अंबिका. खरंच लाज वाटून राहिली.

अंबिका : पालक पाचला परत येणारेत ना?

सर : नवे मार्क लावून देतो म्हनलंय त्यांना. ऐक, असं केलं तर? कॉम्प्युटरची गडबड झाली म्हनू. कुणाचंच नाव नको. तिला बी परत बोलावू. सगळं मिटतंय.

अंबिका : नाही.

सर : अगं, ऐकून तरी घे.

अंबिका : ऐकलं. कॉम्प्युटरनं तुम्हाला विचारलं होतं, सर. त्याच्यावर ढकलायचं असेल तर पाचला तुम्ही एकटे बोला, आणि पालकांनी मला विचारलं तर मी हा कागद दाखवीन. ह्या वेळी तारखांसकट. वाकड्या दिसल्या रेघा तर दिसू देत.

सर : लई धीट झालीस.

अंबिका : तुमच्याकडंच शिकले. लावा फोन त्यांना. स्पीकरवर टाका.

सर : आता? काय बोलू?

अंबिका : जे मला बोललात तेच.

सर : हॅलो... भार्गवी मॅडम? मी सिद्धराम बोलतोय. कुठं हायसा?

भार्गवी : बसमध्ये. चाकूर आलं आता. खोली रिकामी केली, नांदेडला आईकडे चालले आहे. टेबलाच्या खणाची किल्ली शिपायाकडे दिली आहे. आणखी काही राहिलं असेल तर सांगा.

सर : सदतीस नंबर तुमचा बरोबर होता.

भार्गवी : मला माहीत आहे.

सर : मग सकाळी बोलला का न्हाईत?

भार्गवी : बोलले होते. दोनदा. तुम्ही हा कागद बघा म्हणालात आणि माईक हातात घेतलात. तीनशे माणसं माझ्याकडे वळून बघत होती, सर. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, असल्या बायकांना शिकवायला ठेवतात कशाला. ते तुम्हालाही ऐकू गेलं होतं.

सर : गेलं होतं.

भार्गवी : तेव्हाही तुम्ही गप्प होतात.

सर : चुकलं माझं. g नऊ पूर्णांक आठ धरून मीच उत्तर बदललं, मीच जोडलं, आन् कागद उलटा वाचून तुमच्यावर ढकललं. तुम्ही परत या. पगार, तास, समदं पहिल्यासारखं. झालं गेलं इसरून जा.

भार्गवी : हे तुम्ही मला फोनवर सांगताय. मला तर आधीपासून माहीत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना कोण सांगणार?

सर : पाचला पालक येतेत.

भार्गवी : काय सांगणार त्यांना?

सर : चूक झाली म्हणून सांगतो.

भार्गवी : कुणाकडून झाली?

अंबिका : सर...

सर : तू थांब, अंबिका. माझ्याकडून. तिथंच, त्याच माईकवर.

भार्गवी : सकाळी माझं नाव आडनावासकट घेतलं होतं तुम्ही.

सर : संध्याकाळी माझं बापाच्या नावासकट घेतो.

भार्गवी : अंबिका, तू आहेस ना तिथे? पाचच्या आत पोचेन का मी?

अंबिका : आरामात. समोरून लातूरची गाडी मिळेल तुम्हाला. स्टँडवर मी स्कूटी घेऊन येते.

सर : म्हणजे परत रुजू होताय ना, मॅडम? सोमवारची बॅच...

भार्गवी : अहो कंडक्टर, जरा थांबवा, मला इथेच उतरायचंय... सोमवारचं सोमवारी बघू, सर. आज मी मागच्या रांगेत बसून नुसती ऐकणार आहे.