लोणंदचं पाव्हणं आन आमचा गोलकीपर

न्हाई, पण पाव्हणं, तुमीच सांगा — पयल्या तीन म्याच बगून टीम वाईट हाय असं कुणी म्हणतं का? आवं, सुरवात ती सुरवात. पण त्या नाथाजीला कोण सांगणार — नाथाजी म्हंजी ह्यो शेजारचा, आत्ता तुमची गाडी वळवून लावाय धावत आला न्हवं, त्योच. माणूस लाख हाय. उसाला पाणी पाजायचं असूंदे, दवाखान्यात न्यायचं असूंदे, पयला हजर. पण कॉलेजच्या फुटबॉलचा इषय निगाला की त्येच्या अंगात काय संचारतंय देव जाणे. म्हणतो, नानासो, औंदा तुमच्या टीमचं काय खरं न्हाई. तुमच्या टीमचं! जसा काय ह्यो समोरच्या सातारच्या टीमचा जावई. त्येचीबी पोरगी आपल्याच कॉलेजात शिकतीया.

व्हय व्हय, तुमी पोराचं इचारलं, मी टीमवर गेलो. पण एकच की ते. पृथ्वीराज म्हंजी गोलकीपर, आन गोलकीपर म्हंजी निम्मी टीम. आन मला दोष दिऊ नका, मी इषय काढलेला न्हाई. ही आत पोहे करतीया ना, विजयमाला, हिनं सकाळी मला देवापुढं उबा करून शब्द घेतलाय — लोणंदचं लालासाहेब येणार, पाचवं स्थळ हाय, चार परत गेली, हे बी गेलं तर पोरगं बिनलग्नाचं ऱ्हाईल, तवा फुटबॉलचा फ काढायचा न्हाई. मी म्हणलं, न्हाई काढत. आन काढला का? तुमीच म्हणालासा की फळीवरचा त्यो कप कसला. पाव्हण्यानं इचारल्यावर गप बसायचं व्हय? त्यो कप शिस्तीचा हाय. म्हंजी समोरची टीम आलीच न्हाई, आन आपली पोरं दोन तास उनात रांगंत उबी ऱ्हायली, म्हणून दिला. पण कप त्यो कपच. टीमच्या वतीनं गोलकीपरनं घेतला, मग आमीच ठेवून घेतला. कॉलेजनं दोनदा माणूस धाडला मागाय, मी घरात न्हाई म्हणून सांगितलं.

आता नाथाजीचं म्हणणं आयका, आन माझं आयका, आन तुमीच न्याय करा. पयली म्याच मिरजंत. सहा-शून्य मारली आपुन. नाथाजी म्हणतो ती मोजायचीच न्हाई, कारण समोरनं कबड्डीची पोरं उतरली हुती, दोघं तर बॉल हातानंच धराय लागली. मी म्हणलं, बरं, न्हाई मोजत. दुसरी एक-एक. नाथाजी म्हणतो ती हरल्यासारखीच. मी म्हणलं जितल्यासारखी, कारण निम्मा येळ आपुन दहाच जण हुतो, एकाला चक्कर आलीवती उपास धरल्यानं. आन तिसरी सातारला, शून्य-तीन. आता ही मातर त्यो मोजतो. ही बरी मोजतो. आवं, सातारचं ग्राऊंड उताराचं, बॉल आपोआप आपल्या गोलाकडं येतोय. त्यो म्हणतो, मग दुसऱ्या हाफमदी बाजू बदलल्यावर काय झालं — आवं, दुसऱ्या हाफमदी वारा फिरला. रेफ्री सातारचा. चहा पाजला त्यो बी सातारचा. तीन गोल गेलं, पण त्यातला एक बी पृथ्वीराजच्या अंगावरनं गेला न्हाई. एक पायातनं गेला, ती गोष्ट येगळी. एक जाताना त्यो लांब कुटंतरी बगत हुता, जसं काय त्येचं कुणीतरी येणार हाय. आन तिसरा गेला तवा माझंच डोळं मिटलेलं हुतं.

शिक्षान? आवं शिक्षानाचं इचारूच नका, एवढं शिकलेलं पोरगं ह्या पट्ट्यात सापडायचं न्हाई. बी.ए. केलं. मग एम.ए. इतिहास. मग समाजशास्त्र. मग ग्रंथालयाचं. आता पत्रकारिता चाललीया. दुसरं वरीस? न्हाई — ते कुठल्याच इषयाचं दुसरं वरीस केलेलं न्हाई त्येनं. पयलंच. आता तुमी नीट ध्यान द्या, ह्यात डोकं हाय. कॉलेजच्या टीममदी खेळाय नाव कॉलेजात पायजे. पंचवीस पुरं होस्तवर खेळता येतं. मग पोरगं पास हून भाईर पडलं तर टीमचं काय? तवा मी म्हणलं, बाळा, घाई कशाची हाय, एक एक इषय चाखून बग. त्येला इतिहासाचं दुसरं वरीस करायचं हुतं म्हणा. त्येची म्याडम बी घरी आलीवती, म्हणाली पोरगा हुशार हाय, फुडं जाईल. मी म्हणलं, म्याडम, फुडं जाणारं लय हायती आमच्याकडं, मला गोलात थांबणारा पायजे. हसली बिचारी. तुमी बी हसताय? न्हाई? मला वाटलं हसलासा.

शेती हाय की. ऊस हाय, इहीर हाय, म्हशी दोन. पाण्याची पाळी दिवसा आली की मी बगतो, रातची आली की ही बगती, आन म्याचच्या दिवशी आली की कुणीच बगत न्हाई. ते वड्याकडंचं वाळल्यालं रान दिसलं न्हवं येताना, ती मिरजंची म्याच. बाकी हिरवं हाय समदं. आन ती आदीची चार स्थळं कशापायी परत गेली ते आमच्या त्वांडूनच आयका, भाईरनं काय बी कानावर यील. कोयनानगरच्या पाव्हण्यानं इचारलं पोरगा काय करतो, मी म्हणलं गोलात उबा ऱ्हातो, त्यो म्हणला ते झालं, पण करतो काय? असल्या माणसाशी सोयरीक करून काय बोलायचं जलमभर? दोन स्थळं हिच्या माहेराकडची, त्यास्नी तारीख म्याचच्या दिवसाची पायजे हुती. आन कराडच्या पोरीचा भाऊ त्यांच्या कॉलेजात फॉरवर्ड निगाला. ते मीच मोडलं. मेव्हण्यानं दाजीवर गोल मारायचा, ही कुठली रीत? पोरगी चांगली हुती तशी. पृथ्वीराज चार दिस जेवला न्हाई नीट. मला वाटलं म्याचचं टेन्शन हाय.

म्हणून तुमचा फोन आला तवा मला लय बरं वाटलं, पाव्हणं, खरंच सांगतो. मधी कुणी न्हाई, सोयरं न्हाई, ओळख न्हाई, आन लोणंदचा माणूस सरळ फोन करून म्हणतो, तुमच्या पोराबद्दल चांगलं आयकलंय, घर बगाय येऊ का. मी हिला म्हणलं, बग, एवढी वर्सं मला नावं ठेवलीस, पोराचं नाव निरा काठावर जाऊन पोचलं. ही उठून आत चहा ठेवाय गेली. आन आता तर त्यो तुमच्याच गावाला असतोय की! तुमास्नी भेटला न्हाई कुटं? आवं, शिबिर चाललंय न्हवं गोलकीपरचं, लोणंदला. पावसाळ्याच्या आदीपास्नं. सोमवारी पाटं जातो, शनवारी रातच्याला येतो. मी म्हणलं हुतं, लोणंदला कसलं शिबिर, तितं कांद्याचा बाजार हाय, रेल्वे हाय, कंपन्या हायती. तर म्हणला, आप्पा, तितलं ग्राऊंड चांगलं हाय. आन शिकवत असणार कडक. हात बगा त्येचं एकदा — काळं, तेलकट, आन मनगटापातुर भाजल्यागत बारीक बारीक डाग. मी मुद्दाम नाथाजीला बलवून दाखवलं. म्हणलं बग, ह्येला सराव म्हणत्यात. नाथाजी म्हणतो, बॉलनं कुणाचं हात भाजत्यात व्हय? जळतोय दुसरं काय.

काय म्हणालासा? जरा मोठ्यानं बोला, आत फोडणी चाललीया. तुमच्या हाताखाली? म्हंजी तुमीच कोच हायसा व्हय तितलं? मग आदी न्हाई का सांगायचं, मी आपलं एवढा येळ — न्हाई? फोरमन. कशाचं फोरमन? ट्रॅक्टरचं सुटं भाग. बरं. आन पृथ्वीराज तितं काय करतो? येल्डिंग. आमचा पृथ्वीराज. न्हाई, तुमची गल्लत हुतीया पाव्हणं, त्या नावाची पोरं लय हायती — उंच, डाव्या भुवईवर टाक्याची खूण. व्हय. ती सांगलीच्या म्याचमदली, खांबावर आपटला हुता. त्योच म्हणायचा मग.

पर्मनंट झाला म्हणताय. चांगलं हाय की. आन तुमी चांगलं आयकलं म्हणालासा ते कामाचं. गोलाचं न्हाई. गोलकीपर हाय हे तुमास्नी ठावंच नव्हतं? आत्ता मी बोललो तवाच कळलं व्हय? बरं. न्हाई, त्यात काय, सगळ्यास्नी ठावं असाया पायजे असं न्हाई. मग एवढा येळ मी गोलाचं सांगत हुतो आन तुमी ऐकून घेत हुतासा. भला माणूस तुमी.

आन हे सांगाय त्येनंच धाडलं तुमास्नी? त्यो म्हणला, आप्पांपुढं मला बोलाय जमत न्हाई, तुमी मोठं हायसा, तुमी सांगा? असं म्हणला त्यो? … ही बगा, दारात यिऊन उबी ऱ्हायलीया बशी घिऊन. काय गं, तुला ठावं हुतं? खाली बगू नगं, तुला इचारतोय. ठावं हुतं. बगा पाव्हणं, बोलत न्हाई म्हंजी ठावं हुतं. म्हंजी ते शब्द घेणं, देवापुढं उबं करणं, ते मी गप बसावं आन तुमास्नी बोलाय मिळावं म्हणून. आन मी काय तुमास्नी बोलू दिलं न्हाई.

वाईट वाटलं मला, खोटं कशाला सांगू. पोरगं माझ्या ताटाला ताट लावून जेवतंय, आन बापाशी बोलाय त्येला लोणंदनं माणूस आणावा लागला. मारकुटा न्हाई वो मी. कवा हात उगारला न्हाई त्येच्यावर. इचारा हिला. पण आता बसून इचार करतोय, त्यो तरी सांगणार कवा? शनवारी रातच्याला येतो, तवा मी उद्याच्या म्याचचं सांगतो. रविवारी म्याच. म्याच झाली की झालेल्या म्याचचं सांगतो. त्यो व्हय व्हय म्हणत झोपतो, आन सोमवारी पाटं त्येची गाडी. बोलायला जागा मी ठेवलीच कुटं? इतिहासाचं बी त्यो दोनदा म्हणला हुता बगा मला. मी म्हणलं, आदी कराडची म्याच हूदे.

लग्नाला मी न्हाई कशाला म्हणू? तुमच्या पोरीचं राजेश्वरी न्हवं नाव? चांगलं हाय. पोरीनं त्येला बघितलाय? बघितलाय. आन त्येनं बी. म्हंजी समद्यांचं समदं बगून झालंय, माझंच ऱ्हायलं हुतं. हूदे, हूदे, मी काय रागावलो न्हाई. तारीख तुमी म्हणाल ती. म्याच बी बगणार न्हाई तारखंला, जावा. तेवढं फकस्त ह्या रविवारचं — ह्या रविवारी सातारबरं परत म्याच हाय, आपल्या ग्राऊंडवर, जितलो तर फुडं, न्हाईतर संपलं, आन त्येचं शेवटचं वरीस हाय. ड्यूटी लागलीया? ह्याच रविवारी? मग तुमी फोरमन हायसा की, बदलून द्या एवढी. एकाच दिसाचा प्रश्न हाय, मी काय जास्त मागत न्हाई. हात जोडतो वाटल्यास. … काय म्हणालासा? त्येनंच मागून घेतली? रविवारची सुट्टी असताना, त्येनं सोताहून ड्यूटी मागून घेतली?

बरं.

बरं, ठेव गं ती बशी पाव्हण्यांफुडं. खावा तुमी, गरम हायती तवर खावा. रान बगायचं असंल तर नाथाजी दाखवील, वाळल्यालं बी दाखवील, त्येला लय हौस हाय. सुपारीचं, बैठकीचं, कापडाचं, ते तुमी आन ही ठरवा, मला त्यातलं काय कळत न्हाई, माझ्या नावानं हो म्हणून टाका. न्हाई, मी काय बसत न्हाई आता. मला कॉलेजावर जाया पायजे, खेळाच्या मास्तरास्नी गाठाया पायजे. मधी फकस्त उद्याचा दिस हाय, पाव्हणं, आन गोलात माणूस न्हाई.